पूर्णेचा मुराळी

सहदेव मास्तरांची बायको मनकर्णा आषाढात आखाडीला माहेरी गेली ती भादव्यात भुलाबाई बसायची वेळ आली तरी परतली नव्हती, आणि बोरखार गावाला त्या साली चघळायला याहून गोड विषय मिळाला नव्हता. कपाशीवर पडलेली कीडसुद्धा या बातमीपुढे मागे पडली. पारावर बसलेला माणूस जांभई देऊन म्हणायचा, "काय मास्तर, पाव्हण्या कवा येतात?" आणि मास्तर छत्री बगलेत मारून, "येतील, येतील," असं म्हणत शाळेकडे वळायचे. पाऊस नसला तरी त्यांच्या बगलेत छत्री असे. फायनल पास झालेल्या माणसाला ती शोभते असं त्यांचं मत होतं.

बोरखार हे अकोट तालुक्यातलं पूर्णेकाठचं गाव. जमीन काळी, लोण्यासारखी. कापूस कमरेला लागेल असा. पण विहिरीत दोर सोडला की वर येतं ते खारं पाणी. हा पट्टाच खारपाण्याचा. त्या पाण्यात डाळ तासभर उकळली तरी दाताखाली खड्यासारखी वाजते, आणि केस धुतले तर मधात बुडवल्यासारखे चिकटतात. पिण्यासाठी बायका नदीच्या वाळूत झिरा उकरतात आणि पाझरेल तसं वाटी-वाटीने घागरीत भरतात. एक घागर भरेपर्यंत गावातल्या दोन भांडणांचा निकाल लागतो.

मास्तर जातीचे माळी, अकोटाकडचे. आई-बाप मानमोडी तापाच्या साथीत गेलेले, ज्या आत्याने वाढवलं तीही लग्न लावून देऊन वारली. ना भाऊ, ना चुलता. नोकरी लागली लोकल बोर्डाच्या शाळेत, तीही अशा गावात जिथे कांद्याच्या पातीसाठीसुद्धा तोंड वेंगाडावं लागतं. मनकर्णा हिवरखेडची. तिथे सातपुडा हाकेवर. बापाच्या, म्हणजे केशवरावांच्या, विहिरीचं पाणी साखरेसारखं. मळ्यात केळी, फुलं, भाजीपाला. अशी मुलगी बोरखारात आली आणि पहिल्याच दिवशी तिने पाण्याची चूळ भरून अंगणात टाकली, हे शेजारच्या पार्बताबाईंनी कुडाच्या फटीतून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यामुळे ती परतली नाही तेव्हा कारण शोधायला कुणाला लांब जावं लागलं नाही.

"पाण्यापाई गेली पोरगी," गाव म्हणालं.

मास्तरांनाही ते पटलं. शिकलेल्या माणसाला कारण सापडलं की निम्मं दुःख हलकं होतं. बायको पाण्यामुळे येत नाही ना? मग पाण्याचा अभ्यास करायचा. आणि अभ्यास करायचा तर एकट्याने कशाला, शाळा आहेच की.

एरवीही त्यांच्या मनात एक गोष्ट खुपत होतीच. पोरांच्या हातातल्या भूगोलाच्या पुस्तकात परमुलखातल्या नद्यांची नावं ओळीने होती, पण पूर्णेला जेमतेम एक ओळ. वान, शहानूर, बोर्डी यांचा तर पत्ताच नव्हता. पोरं जिच्यात डुंबतात, जिच्या पुरात दरसाल कुणाचं तरी वासरू जातं, ती नदी पुस्तकात नावालाच, म्हणून परीक्षेत नाहीच. मास्तरांनी पुस्तक मिटलं आणि शाळेच्या ओसरीवर चूल मांडली.

तीन मडकी आणली. एकात विहिरीचं पाणी, एकात झिऱ्याचं, एकात शाळेच्या टिनाच्या छपरावरून धरलेलं पावसाचं. प्रत्येकात रिठा चोळला. पावसाच्या पाण्याला फेस आला तो मडक्याबाहेर उतू गेला. झिऱ्याच्या पाण्याला बेताचा आला. विहिरीच्या पाण्यात रिठा नुसताच चोथा होऊन बसला. मग विहिरीचं पाणी चुलीवर आटवलं. तळाला पांढरी खरपुडी धरली. पोरांनी ती बोटाने चाखली आणि एकदम ओरडली, "मीठ! मीठ!" पुन्हा पाणी चढवलं, आणि या वेळी वर पितळी झाकली. पितळीला आतून थेंब धरले. ते चाखले तर गोड.

"खाऱ्या पाण्याची वाफ गोड असते," मास्तर म्हणाले. "मीठ खाली राहतं, पाणी वर जातं. समुद्राचंही असंच. ऊन म्हणजे चूल, आणि ढग म्हणजे ही पितळी."

इतक्यात खुशालराव पाटील रस्त्याने चालले होते. धूर पाहून ते थांबले.

"काय मास्तर, सैपाक आता शाळेतच मांडला का? घरची चूल थंडी पडली म्हणून?"

पोरं खिदळली. मास्तर म्हणाले, "पाटीलसाहेब, हा प्रयोग आहे."

"असू द्या, असू द्या. पर डाळ शिजली का आमाले बी वाढजा."

त्याच आठवड्यात मास्तरांनी कुंभाराकडून दोन मोठे रांजण आणले, घराच्या टिनाला पन्हाळ लावली आणि पागोळीचं पाणी धरायला सुरुवात केली. रांजणावर फडकं बांधलं, फडक्यावर पाटा ठेवला. दोन्ही रांजण काठोकाठ भरले तेव्हा त्यांनी हिवरखेडच्या आठवडी बाजाराला जाणाऱ्या नत्थुजी गाडीवानाजवळ दुसऱ्यांदा निरोप दिला: घरी पाण्याची सोय झाली आहे, शाळेमुळे येता येत नाही, नत्थुजींच्या गाडीत बसून यावं. पहिला निरोपही असाच होता, फक्त त्यात पाणी नव्हतं. नत्थुजी गेला आणि कांद्याची पोती घेऊन परत आला. "नाही आल्या," एवढंच म्हणाला आणि बैल सोडायला लागला.

रांजणातलं पाणी मास्तर एकटेच पीत राहिले.

गाण्याचं प्रकरण सुरू झालं ते उपनद्यांवरून. नद्यांची नावं पोरांच्या डोक्यात राहीनात. आणि भादव्याची पौर्णिमा जवळ आली तशी मुली शाळेत नावालाच बसायला लागल्या. त्यांचं सगळं चित्त भुलाबाईकडे. मातीची भुलाबाई, मातीचा भुलोजी, संध्याकाळी घरोघरी गाणी, आणि शेवटी डब्यातली खिरापत वाजवून ओळखायची. पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर दुसरं काही सुचायचं नाही. मास्तरांनी विचार केला, पोरी गाणी तर म्हणतातच, मग त्यात नद्या का नकोत? भुलाबाईसुद्धा माहेरी आलेली लेकच, आणि नदी तरी दुसरी कोण आहे?

त्यांनी गाणं रचलं. मास्तरांचा गळा म्हणजे तेल न घातलेला रहाट, त्यामुळे चाल पोरींनीच लावली.

सातपुड्याची लेक ग, पूर्णा तिचं नाव,
खाली उतरली, सोडला बापाचा गाव.
शहानूर आली संग, बोर्डी आली संग,
वान आली धावत, गढूळ तिचं अंग.
पूर्णाबाई वळली कुठं? मावळतीची वाट,
थोरली बहीण तापीबाई उभी घेऊन ताट.
दोघी बहिणी मिळून गेल्या समिंदराच्या घरी,
सासर त्यांचं खारट ग, माहेर डोंगरावरी.

चार दिवसांत उपनद्या पाठ झाल्या. गुरांमागची पोरंसुद्धा म्हणायला लागली. खुशालराव पाटलांनी पारावर जाहीर केलं की मास्तर आता बायकांची गाणी लिहून राहिले, पुढच्या साली टिपऱ्या घेऊन नाचतील. पण त्यांच्याही घरात नातीच्या तोंडून शहानूर-बोर्डी ऐकू येत होतीच.

पार्बताबाईंच्या अंगणात भुलाबाई बसली त्या संध्याकाळी मास्तर कुडाला टेकून कौतुकाने ऐकत उभे होते. गाणं संपलं. पुढचं सुरू व्हायच्या आधी पाटलांची नात गोदी कमरेवर हात ठेवून त्यांच्यासमोर आली.

"गुरुजी, हे गाणं आमी उद्यापासून नाही म्हणत."

"काहून? चाल अवघड आहे?"

"चाल चांगली हाये. पर पोरीले सासरी टाकून देल्लं अन् तिथंच गाणं सोडून देल्लं तुमी. माहेरी आणलंच नाही तिले. भुलाबाईपुढं असं गाणं म्हणतात का?"

मास्तर समजावणीच्या सुरात म्हणाले, "बाई, नदी आहे ती. पाणी चढावर कसं जाईल?"

पार्बताबाई खिरापतीचा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्या तिथूनच बोलल्या. "चढावर जात नाही, तं सातपुड्यावर पाऊस का बैलगाडीनं नेतात रे मास्तर? तूच तं शिकवलं पोट्ट्यायले! माह्या नातवानं परवा माह्या कढीवर पितळी झाकून ठेवली अन् मले थेंब चाटाले लावले."

पोरी हसल्या. मास्तर जरा गोंधळले, मग त्यांचे डोळे चमकले. खरंच की. आपणच चुलीवर दाखवलेलं आपल्याच गाण्यात राहून गेलं होतं. तिथेच अंगणात बसून त्यांनी जुळवायला घेतलं. एक ओळ ते सांगत, एक पोरी मोडत. लेकीला माहेरी आणायला किंवा माहेरून सासरी न्यायला सन्मानाने कोणीतरी जावं लागतं, तो मुराळी. तेव्हा पूर्णेला न्यायला जाणार कोण, यावर बराच वाद झाला. वारा म्हणाल्या कोणी, कोणी म्हणाल्या बगळे. शेवटी ठरलं ते असं:

ऊन म्हणे, ऊठ बाई, वाफ होऊन ये वर,
ढग आला मुराळी, बस त्याच्या खांद्यावर.
मीठ ठेव सासरी, तू गोड होऊन ये,
बापाच्या ग अंगणात सरी होऊन ये.

गोदीने मान डोलावली. "आता झालं."

खिरापत वाटून पोरी पुढच्या घरी गेल्या. मास्तर निघाले, तशी पार्बताबाईंनी हाक मारली. "बस रे जरा. पूर्णेले मुराळी भेटला. तुह्या घरच्या पूर्णेचं काय?"

मास्तरांचा चेहरा उतरला. "मावशी, तुम्हाला माहीत नाही का? तिला इथलं पाणी सोसत नाही."

"कोणं सांगतलं?"

"सगळं गाव म्हणतं."

"गाव म्हणजे मीच ना रे! मीच उठवली ते बातमी. तिनं चूळ थुंकली ते पायली अन् जोडून देल्लं." पार्बताबाईंना यात काही वावगं वाटलं असेल असं त्यांच्या तोंडावरून दिसलं नाही. "त्या नत्थुले विचार तिनं काय निरोप देल्ला ते. आज दुपारी जर्दा मांगाले आला होता, तवा माह्यापाशी बोलला."

नत्थुजीचं घर समोरच. त्याला बोलावलं. तो कान खाजवत उभा राहिला.

"सांग ना रे, मुका झाला का?"

"मास्तर, माह्यावर रागावू नका. माहा पोरगा तुमच्याच शाळेत हाये, उगा त्याले छडी बसन म्हणून सांगतलं नाही."

"नाही बसणार. बोला."

"वहिनी म्हणे, मी का सरकीचं पोतं आहो का, येत्या गाडीत टाकून न्याले? एकदा नाही, दोनदा गाडी धाडली. मुराळी धाडला असता तं आली असती."

मास्तर ओट्यावर बसले. आखाडीपासून ते पाणी चाखत होते, आटवत होते, त्याचा फेस काढत होते; आणि गोष्ट पाण्याची नव्हतीच. आई-बाप, भाऊ नसलेल्या घरात रीत-रिवाज शिकवायला कोणी नव्हतं हे खरं. पण ज्या दिवशी पहिला निरोप दिला त्या दिवशी मनात काय होतं तेही त्यांना आठवलं. नवऱ्याने स्वतः बायकोच्या मागे जायचं म्हणजे लोक हसतील, म्हणून शाळेचं निमित्त सांगितलं होतं.

"धाडायला माझ्याकडे कोण आहे, मावशी? तुम्ही जाता?"

"माहे गुडघे गाडीत बसाचे नाहीत. तूच जाय."

"मी? लोक काय म्हणतील?"

"लोक बी मीच," पार्बताबाई म्हणाल्या. "मी म्हणीन, मास्तर बायकोचा बैल झाला. म्हणीन महिनाभर. मंग दुसऱ्या कोणाचं काही निंघलं का तुह्यं सोडून देईन. महिनाभर सोसवते का तुले, तेवढं पाय."

मास्तरांना ते ठरवायला दसरा जावा लागला. दोनदा छत्री घेऊन नत्थुजीच्या दारापर्यंत गेले आणि बैलांची तब्येत विचारून परत आले. कोजागिरीला शाळेला सुटी दिली, धुतलेलं धोतर नेसले आणि भल्या सकाळी गाडीत बसले. बरोबर रांजणातल्या पाण्याची एक बाटली, बुचावर मेण लावून. शिकलेला माणूस, पुरावा घेतल्याशिवाय त्याला कुठे जाववत नाही. पाराजवळून गाडी गेली तेव्हा खुशालराव उठून उभे राहिले आणि वरातीला करावा तसा नमस्कार केला. मास्तरांनी छत्री उघडून तोंडापुढे धरली.

हिवरखेडला पोचेतो दिवेलागण झाली. केशवराव मळ्यातून नुकतेच आले होते. त्यांनी पाय धुवायला पाणी दिलं, घोंगडं अंथरलं, पण बोलले बेताचं. सासू गंगूबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. आत बांगड्या वाजत होत्या आणि कोणीतरी पातेलं गरजेपेक्षा जोरात घासत होतं.

मास्तरांनी घसा साफ केला आणि बाटली पुढे ठेवली. "मामाजी, हे टिनावरचं पाणी. यात क्षार अजिबात नाही. रिठ्याला फेस..."

"जावाईबापू," गंगूबाई म्हणाल्या, "पाणी दाखवाले आले का बायको न्याले आले?"

आतलं पातेलं थांबलं.

मास्तर काही बोलायच्या आत आतून आवाज आला. "आई, पाव्हण्यायले विचार बरं, गाडीत जागा हाये का? का सरकी भरून राहिली?"

केशवराव मिशीत हसले आणि तंबाखू शोधायच्या निमित्ताने खाली पाहू लागले. मास्तरांनी बाटली बाजूला सरकवली. वर्गात पोरांसमोर ज्यांचं तोंड कधी अडखळलं नाही त्या माणसाला हे वाक्य बोलायला फार वेळ लागला.

"मामी, आमच्या घरी धाडायला कोणी माणूस नाही. मुराळी म्हणून मीच आलो. आधीच यायला पाहिजे होतं."

गंगूबाईंनी आत पाहिलं. त्याच वेळी अंगणात गल्लीतल्या मुली जमायला लागल्या. भुलाबाईची आज शेवटची संध्याकाळ. मनकर्णा भुलाबाईला ओवाळायला बाहेर आली ती मास्तरांकडे न पाहता. तिने आरती खाली ठेवली आणि आईला म्हणाली, मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं, "आई, नत्थुजी सांगत होते, बोरखारात कोणी भुलाबाईची गाणी रचून राहिलं म्हणे. मुराळी रिकाम्या हातानं येत नाही. खिरापत नसन आणली तं गाणं म्हणावं."

अंगणात टाळ्या पडल्या. मास्तरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "मला चालीवर येत नाही," ते कसेबसे म्हणाले.

"खिरापतबी हाये की," एक चुणचुणीत पोर म्हणाली आणि बाटली हलवून पाहू लागली. "ओळखा, ओळखा! तेल? काकवी? नवसागर?"

"पाणी हाय ते, पाणी!" केशवराव ओरडले आणि मोठ्याने हसले. अख्खं अंगण हसलं. जावई सासुरवाडीला पाण्याची खिरापत घेऊन आला, हे हिवरखेडातही महिनाभर पुरणार होतं.

मास्तर उभे राहिले. छत्री दोन्ही हातांनी धरली आणि सुरू केलं. सातपुड्याची लेक पहिल्याच ओळीत इतक्या उंच सुरात लागली की गोठ्यातली गाय हंबरली. मुली तोंडावर पदर घेऊन वाकल्या. शहानूर, बोर्डी कशाबशा पार झाल्या. वानेपाशी आवाज फाटला.

"अवं, खाली घ्या ना जरा," मनकर्णा पहिल्यांदा थेट त्यांच्याकडे पाहून म्हणाली. "नदी हाये का माकड हाये, असं झाडावर चढवून राहिले तिले?" आणि तिनेच सूर धरून दिला. मुलींनी तो उचलला. मग मास्तर नुसते शब्द सांगत गेले आणि अंगण गात गेलं. तापीबाईपाशी गंगूबाईही आल्या. खारट सासरापाशी मनकर्णा मुद्दाम जोराने म्हणाली. शेवटच्या चार ओळी मात्र तिने म्हटल्या नाहीत. मास्तर त्या सांगत असताना ती खाली बसून आरतीची वात सारत होती. ढग मुराळी झाला, पूर्णा खांद्यावर बसली, मीठ सासरी राहिलं. मुलींनी त्या पुन्हा म्हटल्या, तेव्हा तिने बाटली उचलून जवळ घेतली.

आरती झाली, खरी खिरापत वाटली गेली. मनकर्णाने बाटलीचं मेण नखाने काढलं, वाटीत थोडं पाणी ओतलं आणि एक घोट घेतला. अंगणातले सगळे तिच्या तोंडाकडे पाहत होते. मास्तर तर परीक्षेचा निकाल ऐकणाऱ्या पोरासारखे.

"गोड हाये," ती म्हणाली. "पर टिनाचा वास येऊन राहिला. सरीचं पयलंच पाणी धरलं ना?"

"हो. पहिल्या थेंबापासून."

"दरखेपी सरीच्या पयल्या पाण्यानं छप्पर धुऊन जाऊ द्याचं असते. मंग धराचं. अन् रांजण उनात ठेवला की सावलीत?"

"ओसरीच्या कडेला. दुपारी ऊन येतं."

"मंग शेवाळ धरलं असन. घासून काढा लागन सारा. एकट्या माणसाच्यानं होत नाही ते." एवढं बोलून आपण काय बोललो हे लक्षात येऊन ती वळली आणि आत गेली. गंगूबाई केशवरावांकडे पाहून हळूच म्हणाल्या, "सकाळी गाडीले बैल लवकर जोतजा म्हणा."

सकाळी नत्थुजीने केळीचे घड मागे रचले आणि पुढे जागा मोकळी ठेवली. गंगूबाईंनी मुलीला हळदकुंकू लावलं, ओटी भरली आणि मळ्यातल्या विहिरीच्या पाण्याच्या दोन घागरी गाडीत ठेवायला आणल्या.

"राहू दे, आई," मनकर्णा म्हणाली. "दोन दिवस पुरन, मंग? तिथलंच पाणी प्याचं तं तिथलंच पिऊ. तू मले भाजीचं बी दे."

"त्या खाऱ्या जमिनीत काय उगवते व?" केशवराव म्हणाले. "मेथी टाकशीन तं जळून जाईन."

मास्तर पुढे होऊन काही सांगणार होते. त्यांनी तोंड उघडलंही. पण मनकर्णा आधी बोलली.

"मेथी नको. पालकाचं द्या, बाबा. पालक खारं सोसते. चार वाफे करीन घरामागं."

केशवराव आत गेले आणि फडक्यात बी बांधून घेऊन आले. मनकर्णाने ते कमरेला खोचलं, आईच्या पाया पडली आणि मास्तरांनी हात द्यायच्या आत चाकाच्या आऱ्यावर पाय ठेवून गाडीत चढून बसली. मग मागे सरकून तिने त्यांच्यासाठी जागा केली.